बिबट्याची नववी रिव्हिजन

माझ्या चित्रांखाली उजव्या कोपऱ्यात सहीऐवजी छोटा टायटल ब्लॉक असतो. ड्रॉइंग नंबर, तारीख, रिव्हिजन म्हणजे कितवी दुरुस्ती. बघणारे हसतात, पण सदतीस वर्षांची सवय आहे, सुटत नाही. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन मेकॅनिकलचा दोन वर्षांचा कोर्स करून मी १९८३ मध्ये रबाळ्याच्या एका कारखान्यात चिकटलो आणि २०२० मध्ये तिथूनच निवृत्त झालो. मधल्या काळात व्हॉल्व्ह, फ्लँज आणि पंपांची केसिंग काढली. सजीव म्हणावं असं एकही नाही. शाळेत एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट दिल्या होत्या. इंटरमिजिएटला बी ग्रेड मिळाली. स्थिरचित्रातला तांब्या बरा आला होता असं सर म्हणाले होते. त्यानंतर थेट म्हैस.

म्हैसच का, हे बायकोनेही विचारलं. आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. निवृत्तीनंतर सकाळी काही काम नसायचं, म्हणून स्कूटर काढून घोडबंदर रोडच्या आत उरलेल्या एका तबेल्यातून दूध आणायला लागलो. दूध काढून होईपर्यंत अर्धा तास उभं राहावं लागे. समोर मुऱ्हा म्हशी, जिलबीसारखी वळलेली शिंगं, नुकतं पाणी मारलेली पाठ. त्या ओल्या काळ्या पाठीवर सकाळचं आभाळ सरळ निळं दिसतं. हे मी साठीला येईपर्यंत बघितलंच नव्हतं.

साहित्य आणलं: तेलाच्या बेसच्या रंगीत पेन्सिली आणि तीनशे जीएसएमचा गुळगुळीत हॉट प्रेस कागद. आधी एका स्वस्त मेणाच्या पेन्सिलींच्या डब्यावर पैसे घालवले. त्या पेन्सिलींनी गडद भाग भरला की आठवड्याभरात त्यावर जांभळावर असते तशी पांढरट लव चढते. मेण वर येतं ते. फडक्याने पुसलं की जातं, पण काळ्या जनावरावर दर आठवड्याला कोण फडकं मारणार?

पहिली म्हैस मी ड्राफ्ट्समनसारखी काढली, म्हणजे एकेक केस. टोकदार पेन्सिल, एकसारखा दाब, एकसारखं अंतर. तीन आठवडे बसलो होतो. मुलगी रविवारी आली, चित्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, ही म्हैस आहे की काथ्याचं पायपुसणं?"

रागच आला. पण रात्री चष्मा काढून बघितलं तर पायपुसणंच होतं. सेक्शनमध्ये, म्हणजे कापून दाखवलेल्या भागात, लोखंड दाखवायला आम्ही पंचेचाळीस अंशात समांतर रेघांचं हॅचिंग मारायचो, तसं मी म्हशीला हॅचिंग मारलं होतं. जनावराचे केस तसे नसतात. ते झुबक्यांनी असतात, झुबके एकमेकांवर चढतात आणि डोळ्याला केस दिसतो तो मुख्यतः दोन झुबक्यांमधल्या सावलीमुळे. काढायची ती सावली, केस आपोआप उरतो. शिवाय म्हशीच्या अंगावर केस विरळच. बऱ्याच ठिकाणी कातडीच दिसते आणि ती कातडी कशावर ताणली आहे, हाडावर की पोटावर, ते आधी कळावं लागतं.

मग मला जमतं ते केलं. म्हशीच्या फोटोच्या मोठ्या प्रिंटवर ट्रेसिंग पेपर टाकला आणि केसांचा नकाशा काढला, पाइपिंगच्या ड्रॉइंगमध्ये फ्लो दाखवतात तसे बाण मारून. नाकपुडीपासून वर, डोळ्याला वळसा घालून मागे, मानेवर खाली. कपाळावर सगळे बाण एका जागी येऊन गरागरा फिरले. भोवरा! आजोबा बैल घेताना भोवरे बघायचे, कुठला शुभ, कुठला खोडीचा. लहानपणी मला तो थोतांडाचा प्रकार वाटायचा. बाण काढून झाल्यावर कळलं की निदान ते जनावराकडे बघत तरी होते. हा नकाशा आता प्रत्येक चित्राआधी काढतो. त्याला दोन-तीन दिवस जातात आणि त्यात रंगाचा एक ठिपकाही नसतो.

काळ्या रंगाचंही तसंच. काळी पेन्सिल डब्यातच ठेवली. गडद इंडिगो, त्यावर करडा तपकिरी, त्यावर जरासा गडद लाल, पुन्हा इंडिगो, असे सात-आठ हलके थर. एकदम दाबून भरलं तर कागदाचा दाणा भरून जातो आणि मग पुढची पेन्सिल नुसती घसरते. नाकाखालचे पांढरे राठ केस मात्र माझ्या जुन्या धंद्यातले निघाले. ट्रेसिंगवर शाईची रेघ चुकली की आम्ही अर्ध्या ब्लेडने ती खरवडायचो आणि ती जागा नखाने घासून गुळगुळीत करायचो. पेन्सिलीच्या थरातून केस असाच ब्लेडने काढता येतो. दुसरी युक्ती म्हणजे रंग लावायच्या आधी शाई संपलेल्या बॉलपेनने कागदावर केस दाबून घ्यायचे. वरून पेन्सिल फिरली तरी ती खाच पांढरीच राहते. फक्त आधी ठरवावं लागतं, नंतर सुचून उपयोग नाही.

दुसऱ्या म्हशीला एकशे बेचाळीस तास लागले. टाइमशीट ठेवली होती. त्यात पावसाळा आला. ठाण्याच्या जुलैत कागद पापडासारखा होतो, नीट वाळलेला नसलेल्या पापडासारखा. कंपनीत ड्रॉइंगच्या कपाटात आम्ही चाळीस वॅटचा दिवा लावून ठेवायचो, तोच उपाय घरच्या गोदरेजच्या कपाटात केला. बायको म्हणाली, "अहो, माझ्या पैठणीला एवढी ऊब कधी मिळाली नाही."

२०२३ मध्ये माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि डॉक्टरांनी कसं दिसतंय विचारलं. मी विचारलं, "ट्यूबलाइट नवीन बसवलीत का?" घरी आलो आणि भिंतीवरची म्हैस बघितली. निळी! काळ्यात थोडा निळा मुरलेला असावा असा माझा हिशेब होता, पण ही नीळ टाकलेल्या बादलीतून काढल्यासारखी. उजवा डोळा उघडून डावा मिटला की पुन्हा माझी जुनी काळी म्हैस.

कारण सोपं आहे. वय वाढतं तसं डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळट होतं आणि निळा प्रकाश अडवतं. मला निळा कमी दिसत होता म्हणून मी इंडिगो चढवत गेलो होतो. दुरुस्ती करायची तर कागदाचा दाणा भरलेला. मी टायटल ब्लॉकमध्ये बारीक अक्षरात टीप लिहिली, "रंग: ऑपरेशनपूर्व", आणि चित्र तसंच ठेवलं.

तेव्हापासून मला चाळा लागला, एक डोळा मिटून बघायचं, मग दुसरा. पांढरा लेंगा डावीकडून दुधासारखा, उजवीकडून चहा सांडून धुतल्यासारखा. येऊरच्या बाजूचं संध्याकाळचं आभाळ, हळदीची बरणी, देवघरातली निरांजनं, सगळं दोन दोन. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरलं होतं. म्हणजे हा दुहेरी कारभार आठ-नऊ महिन्यांचा, नंतर कायमचा बंद. तो कागदावर उतरवायचा प्रयत्न केला, जमला नाही, कारण पेन्सिलीचा एकेक थर बदलत बदलत रंग जुळवणं अशक्य आहे.

मुलीने तिचा जुना पेन टॅब्लेट दिला, स्क्रीन नसलेला, काळ्या पाटीसारखा. लॅपटॉपवर क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, ते फुकट मिळतं. पहिला आठवडा हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे. पण नव्वदच्या दशकात कंपनीने ड्रॉइंग बोर्ड काढून ऑटोकॅड आणलं तेव्हा हे सगळं भोगून झालं होतं. लेयर ही भानगडही तिथलीच. सेंटरलाइन एका लेयरवर, डायमेन्शन दुसऱ्यावर. जी मंडळी तिशीत लेयर शिकली ती साठीत विसरत नाहीत.

पद्धत अशी बसवली. उजव्या डोळ्याने वस्तू बघायची, रंग डोक्यात धरायचा, लगेच उजवा मिटून डाव्याने स्क्रीनवरचा चौकोन त्या रंगापर्यंत सरकवायचा. पुन्हा ताडून बघायचं. शेजारी त्याच वस्तूचा डाव्या डोळ्याचा रंग. अशा चौकोनांच्या दोन रांगा, एकूण छत्तीस वस्तू. डिसेंबरअखेर पूर्ण झालं. मुलगी बघून म्हणाली, "बाबा, हे अ‍ॅबस्ट्रॅक्ट आहे." मी म्हटलं, "हा चार्ट आहे." ती म्हणाली, "यात लेंगा कुठाय, हळद कुठाय, सांगता येतंय का कुणाला?" येत नव्हतं. मलाही काही चौकोन आठवत नव्हते.

प्रिंट काढायला नौपाड्यात गेलो. ए-थ्री, तीनशे डीपीआय, म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल, सगळं नियमाने. कागदावर डाव्या रांगेतले निळे-जांभळे मलूल होऊन आले. दुकानातल्या पोराला मी सदतीस वर्षांचा अनुभव सांगू लागलो. तो शांतपणे म्हणाला, "काका, स्क्रीनमध्ये दिवा असतो, कागदात नसतो." खरंच आहे. स्क्रीन लाल-हिरव्या-निळ्या उजेडाने रंग करते, छपाई चार शायांनी. काही झगझगीत रंग शाईत मावतच नाहीत. आता क्रिटात आधी प्रिंटचं प्रीव्ह्यू लावून बघतो. पण त्या पोराचं वाक्य मी टेबलासमोर चिकटवलं आहे.

जानेवारीत दुसरं ऑपरेशन झालं. आता दोन्ही डोळ्यांना लेंगा दुधासारखा दिसतो. उजवी रांग बरोबर होती की नाही, हे तपासायची सोय उरली नाही.

त्याच फेब्रुवारीत, नवे डोळे घेऊन, ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने रोहित बघायला गेलो. फ्लेमिंगोला आपल्याकडे रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. ठाणे खाडीचा तो भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ज्या खाडीच्या काठच्या पट्ट्यात मी नोकरी केली, तिथे हे पक्षी येत होते आणि मी खिडकीला पाठ करून फ्लँज काढत होतो. बोट भरतीच्या वेळेवर सुटते, आपल्या सोयीवर नाही. पाणी चढायला लागलं की पक्षी चिखलाच्या उरलेल्या पट्टीवर दाटीने गोळा होतात.

त्या दिवशी चारशेवर फोटो काढले. घरी येऊन गुलाबी पेन्सिल उचलली आणि दोन दिवसांत बेकरीतल्या आयसिंगचा पक्षी तयार झाला. पुन्हा तीच चूक: डोक्यातला रंग आधी, समोरचा नंतर. नव्या डोळ्यांनी फोटो नीट बघितले तर अंगाचा बराच भाग पांढरा आणि राखाडी. गुलाबी मानेच्या बुडाशी जरा, पंखांच्या कडेला जरा. तोही त्यांच्या खाण्यातल्या शेवाळातून येतो. पिल्लं मळकट राखाडी असतात, अंगावर गुलाबीचा पत्ताच नाही. पंख उघडला की मात्र आत किरमिजी लाल आणि काळी पिसं.

पिसं मला सोपी गेली. पिसं कौलांसारखी असतात, एकाची कड दुसऱ्यावर, आणि ओळ कुठून सुरू होते ते कळलं की पुढचं काम गवंड्याचं. पायांनी मात्र फजिती केली. गुडघा उलटा कसा वळतो, हे माझ्या मेकॅनिकल डोक्यात शिरेना. दोन दिवस मी त्या सांध्याची बिजागरी समजून घेत होतो. मग कळलं, तो गुडघा नाहीच, ती टाच. गुडघा वर पिसांत लपलेला. म्हणजे पक्षी आयुष्यभर चवड्यावर उभा.

चित्र संपत आलं तेव्हा पक्षी बघणाऱ्या एका शेजाऱ्याला दाखवलं. त्याने दहा सेकंदांत निकाल दिला: "अंग मोठ्या रोहिताचं, चोच छोट्याची." खाडीत दोन्ही जाती असतात. मोठ्याची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी, छोट्याची गडद, काळपट लाल. मी दोन वेगवेगळ्या फोटोंतून घेतली होती. ब्लेडने खरवडून चोच बदलली. खरवडल्याची खूण तिरप्या उजेडात अजून दिसते. टायटल ब्लॉकमध्ये रिव्हिजन २.

त्या चित्रात पक्ष्याइतकेच दिवस पायाखालच्या ओल्या चिखलाने खाल्ले. चिखलात पक्ष्यांची प्रतिबिंबं तुटून पडलेली असतात, गुलाबी फराटे, मध्ये राखाडी. तो भाग स्क्रीनवर चारशे टक्के मोठा केला की पक्षी नाही, चिखल नाही, नुसते पट्टे. पुन्हा क्रिटा उघडलं. आणि इथे मी घसरलो. दोन महिन्यांत साठेक चित्रं केली. लेयरवर लेयर टाकायचा, ते मिसळायला मल्टिप्लाय नावाची पद्धत लावायची, नाही आवडलं तर 'स्क्रीन', तेही नाही तर ओव्हरले, काहीतरी चमकदार निघतंच. निघालेलं सगळं छान दिसत होतं. हॉटेलच्या लॉबीत लावतात तसं छान.

मुलगी मला फोर्टला म्युझियममध्ये घेऊन गेली, वासुदेव गायतोंड्यांची चित्रं दाखवायला. गायतोंडे (१९२४–२००१) स्वतःच्या चित्रांना अमूर्त म्हणत नसत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणत. फार थोडी चित्रं करायचे. ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ वापरायचे, रंग चढवायचा आणि पुन्हा काढून घ्यायचा. मला कलेतलं कळत नाही, पण खरवडलेलं कळतं. कॅनव्हासजवळ जाऊन मी त्या कडा बघत होतो. कुठे थर ओला असताना काढलाय, कुठे सुकल्यावर. सुरक्षारक्षकाने दोनदा मागे व्हायला सांगितलं.

घरी येऊन कीबोर्डवरच्या झेडवर चिकटपट्टी लावली. कंट्रोल-झेड, म्हणजे केलेलं मागे फिरवायची सोय, बंद. चुकलं तर वरून झाका नाही तर खोडरबराने खोडा, खोडल्याची खूण राहू द्या. लेयर जास्तीत जास्त सहा. ब्रश तीन. साठ चित्रांपैकी अठ्ठावन्न डिलीट केली. उरलेली दोन फार चांगली आहेत असं नाही, पण ती करताना मी कुठेतरी अडलो होतो एवढं आठवतं.

आता बिबट्या. आमच्या मागे येऊर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचीच एक बाजू. तिथे बिबटे आहेत. वर्षातून दोन-तीनदा सोसायटीच्या ग्रुपवर सीसीटीव्हीची क्लिप फिरते. भिंतीवर एक राखाडी आकार, दोन पांढरे ठिपके, वीस सेकंद. ते ठिपके म्हणजे डोळे. डोळ्यात आत, दृष्टिपटलामागे, आरशासारखा एक थर असतो, त्यावरून उजेड परत येतो. ओळखीचे सगळे मला म्हणायचे, म्हैस काढलीत, रोहित काढलात, आता बिबट्या काढा. केसांचं काम तर त्यातच आहे.

बसलो. इंटरनेटवरचा फोटो घेतला, ट्रेसिंग टाकलं, बाण काढायला लागलो. अंगावरचे ठिपके कडी तुटलेल्या फुलांसारखे, आत रिकामे. आत टिंब असेल तर तो जॅग्वार, बिबट्या नव्हे. चेहऱ्यावर आणि पायांवर भरीव ठिपके. खांद्यापर्यंत नकाशा नीट आला आणि पुढे हात चालेना. एक तर फोटो दुसऱ्या कुणाच्या मेहनतीचा. दुसरं म्हणजे म्हशीपुढे मी रोज अर्धा तास उभा राहिलो होतो. तिचं पोट भरलेलं असताना कातडी कशी ताणते ते बघितलं होतं. हा प्राणी मी बघितलेलाच नाही. चौतीस वर्षं त्याच्या शेजारी राहतोय आणि एकदाही नाही. नकाशा गुंडाळून ठेवला.

येऊरला पाड्यावरच्या एक मावशी पावसात शेवळं, टाकळा घेऊन बसतात. त्यांच्याकडून भाजी घेताना विचारलं, बिबट्या दिसतो का हो? त्या म्हणाल्या, "दिसायला कशाला पाहिजे? कुत्री आधी लय वरडतात. मग एकदम गप. तेव्हा दार लावून घ्यायचं." आणि टाकळ्याची आणखी एक जुडी पिशवीत टाकली.

त्या रात्री झोप येईना म्हणून गॅलरीत बसलो. साडेबाराच्या सुमाराला डोंगराच्या बाजूला कुत्री ओरडायला लागली. एक, मग चार, मग मोजता येईनात. तीन-चार मिनिटं. मग गप. रिक्षा गेली, पंप सुरू झाला, कुत्री नाहीत. बिबट्या होता की आणखी काही, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी क्रिटात आडवा कॅनव्हास घेतला. डावीकडून ओरडणं: छोटे, राठ, तिरके फराटे, म्हशीचे झुबके काढायला शिकलो तसेच, एकमेकांवर चढलेले, दाट होत जाणारे. दोनतृतीयांशावर ते तुटतात. तिथून उजवीकडे काही नाही. हे 'काही नाही' मला गेले सात महिने जमत नाहीये. पहिल्यांदा सपाट काळं केलं तर तो नुसता काळा कागद झाला. मग म्हशीची आठवण ठेवून इंडिगो, तपकिरी, लाल असे अर्धपारदर्शक थर दिले. ते बरं झालं, पण शोभेचं झालं. चौथ्या रिव्हिजनमध्ये दोन ठिपके घातले, डोळ्यांसारखे. पाचव्यात काढले. खोडरबराची खूण राहिली आणि ती खूण ठिपक्यांपेक्षा बरी दिसते. आठव्यात क्लिपचा एक फ्रेम मोठा करून त्यातले राखाडी चौकोन तेवढे उचलून आणले. त्यात भिंत कुठली आणि जनावर कुठलं हे मला सांगता येत नाही, म्हणून ते ठेवले आहेत. नववी चालू आहे. फराटे जिथे तुटतात ती कड अजून फार सरळ आहे, पट्टी लावून मारल्यासारखी. माझ्या हाताला सरळ कड फार लवकर येते.

बायकोने काल बराच वेळ बघितलं. म्हणाली, "पंपाचा आवाज राहिला." तो घालावा की नाही याचा विचार करतोय.

मध्यंतरी तबेल्यातली ती म्हैस व्यायली. रेडकाच्या अंगावर आईपेक्षा लांब, मऊ, तांबूस लव आहे. इंडिगोचं काहीच काम नाही, सगळा नवा हिशेब. फोटो काढले, पण ते कपाळ हलवत असतं आणि भोवरा नेमका कुठे ते एकाही फोटोत धड आलेलं नाही. उद्या पहाटे दुधाला जाताना ट्रेसिंग पेपर घेऊन जाणार आहे.